विश्वास ठेवा म्हणता, मग वही उघडा : आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीला खुलं पत्र

माननीय पाळकसाहेब आणि कमिटीतल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

ख्रिस्तात सलाम.

मागच्या रविवारी सूचना वाचताना सेक्रेटरीभाऊंनी सांगितलं की यंदाच्या वार्षिक सभेत हिशोब वाचला जाणार नाही, वेळ पुरत नाही, आणि कोणाच्या मनात शंका असेल तर त्यांनी कमिटीवर विश्वास ठेवून प्रार्थना करावी. एवढं बोलून ते महिला संघाच्या सहलीच्या सूचनेवर गेले पण. मी नेहमीसारखी तिसऱ्या बाकावर होते, पायाशी ती निळी बादली होती जी जूनपासून तिथे ठेवलीय कारण छपरातून पाणी ठिपकतं, आणि पुढचं गीत सुरू झालं तेव्हा माझं तोंडच उघडेना. छपरासाठी आपण सगळ्यांनी पैसे देऊन पाच वर्षं झाली हो. बादली तिथेच आहे, पैशांचं काय झालं कोणाला माहीत नाही, आणि वर आम्हालाच सांगितलं जातंय की तुमचा विश्वास कमी पडतोय.

हे असं सगळ्यांसमोर लिहायला मला बरं वाटत नाहीये हे आधीच सांगते. पण मत्तयाच्या 18 व्या अध्यायात प्रभूने पायऱ्या घालून दिल्यात, भावाचं काही चुकलं तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीला सांग. फेब्रुवारीत मी एकटी खजिनदारभाऊंच्या घरी गेले, त्यांनी प्रेमाने चहा दिला आणि नंतर बघू म्हणाले. ईस्टरनंतर दोन सभासदांना घेऊन पाळकसाहेबांकडे गेले, लेखी अर्ज दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर आजपर्यंत नाही. आता तिसरी पायरी राहिली. कमिटीला दिलेल्या प्रतीवर माझं नाव, सही, फोन नंबर सगळं आहे, इथे मंडळीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही कारण मला कोणाची बदनामी करायची नाहीये. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय ते एवढ्यासाठी की मुंबईतल्या दुसऱ्या मराठी मंडळ्यांमधल्या माझ्या मैत्रिणींशी बोलले तेव्हा त्याही म्हणाल्या, ताई, आमच्याकडे पण थोडंफार असंच आहे, फक्त कोणी बोलत नाही.

माझा ह्यात काय संबंध ते सांगते. मी ह्याच मंडळीत लहानाची मोठी झाले. माझे बाबा नगर जिल्ह्यातून आले, परळला गिरणीत लागले. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी 21 वर्षांची होते, घरात आम्ही पाच जण, आणि बाबांचा पगार बंद. मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले होते, तेव्हा कोण कोणाला पुरणार. पण मंडळीने धान्य वाटलं. खजिनदारकाका (आता ते प्रभूकडे गेले) स्वतः पिशवी घेऊन आमच्या खोलीवर आले, पाच किलो ज्वारी, दोन किलो तांदूळ, आणि खिशातून एक छोटी वही काढून बाबांना म्हणाले, इथे सही करा. बाबांना लागलं ते. पाच किलो ज्वारीसाठी सही? मला अजून त्यांचा चेहरा आठवतो. तेव्हा काका जे बोलले ते आमच्या घरात पुढे म्हणीसारखं झालं. ते म्हणाले, अहो, ही सही तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे, उद्या कोणी म्हटलं की ह्याने ज्वारी स्वतःच्या घरी नेली तर माझ्याकडे दाखवायला काहीतरी पाहिजे ना. बाबांनी सही केली. आणि दोन वर्षांनी त्याच काकांनी बाबांना दान मोजायच्या टेबलावर बसवलं.

ते टेबल तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. उपासना संपली की व्हेस्ट्रीतलं, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीतलं, टेबल व्हरांड्यात यायचं, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. दानाच्या मखमली थैल्या त्याच्यावर उलट्या व्हायच्या. तीन माणसं बसायची, एकमेकांच्या नात्यातली नाहीत, त्यात एक महिला संघाची बाई असायचीच. नाण्यांचे दहा-दहाचे ढीग, नोटांना रबर, निळ्या रेघांच्या रजिस्टरमधे आकडा, खाली तिघांच्या सह्या. मग मोजणाऱ्यांतले एक जण, पुढे बाबा, खडू घेऊन दारापाशी जायचे आणि ज्या फळ्यावर गीतांचे नंबर असतात त्याच्या खाली लिहायचे, आजचं दान इतके रुपये इतके पैसे. लहानपणी आम्ही पोरं तो आकडा वाचायचो, मी टाकलेले चार आणे त्यात आहेत हे मला माहीत असायचं. फळा अजून आहे तिथे. आता त्याच्यावर फक्त गीतांचे नंबर असतात, आणि थैल्या आत जातात, दार लागतं.

मी 1984 ला बँकेत लागले आणि 2021 ला रिटायर झाले, बहुतेक सगळी नोकरी कॅशमधे. तुम्ही विश्वास हा शब्द वापरलात म्हणून मला बँकेतली एक गोष्ट सांगायची आहे. स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात, एक कॅश ऑफिसरकडे आणि एक मॅनेजरकडे, दोघे आल्याशिवाय दार उघडत नाही. 37 वर्षांत मी एकाही मॅनेजरला असं म्हणताना ऐकलं नाही की माझ्यावर विश्वास नाही का, मग दुसरी चावी कशाला. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी संध्याकाळी माझ्या कॅशमधे 100 रुपये कमी आले. तेव्हाचे 100 म्हणजे घाम फुटायची गोष्ट. मी रडायला लागले. हेड कॅशियर मॅडम काही बोलल्या नाहीत, डबा मिटला, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि आम्ही दोघींनी एकेक बंडल परत मोजलं, रात्री आठ वाजले. शंभराच्या एका पाकिटात 100 च्या जागी 101 नोटा निघाल्या. त्या दिवशी कोणी मोजायला बसलंच नसतं, सगळे म्हणाले असते की जाऊदे, तुझ्यावर विश्वास आहे, तर ती शंका माझ्यावर जन्मभर राहिली असती, माझ्या मनात पण आणि त्यांच्या पण. हिशोब मागितला की चोर ठरवलं असं जे तुम्हाला वाटतं ना, ते इथे चुकतंय. प्रामाणिक माणसाला हिशोबाचा जेवढा आधार असतो तेवढा दुसऱ्या कशाचाच नसतो.

आता वचनाकडे येते कारण सेक्रेटरीभाऊंनी मला वचन दाखवलं होतं. 2 राजे, अध्याय 12, वचन 15. मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा ज्यांच्या हाती देत त्यांच्याकडून हिशोब घेत नसत कारण ते सचोटीने वागत. बघा ताई, बायबलमधेच आहे, असं ते म्हणाले. मी घरी येऊन तो अख्खा अध्याय तीनदा वाचला आणि माझी सगळ्यांना विनंती आहे की तुम्ही पण वाचा, पण 15 व्या वचनापासून नाही, चौथ्या वचनापासून. योवाश राजाने याजकांना सांगितलं होतं की आलेल्या पैशातून मंदिराची पडझड दुरुस्त करा. त्याच्या कारकिर्दीचं 23 वं वर्ष आलं तरी पडझड तशीच. तेव्हा राजाने त्यांना बोलावून विचारलं, का नाही केलीत? हा प्रश्न राजाने मुख्य याजक यहोयादाला विचारलाय, आणि त्या यहोयादाने राजाला लहानपणापासून सांभाळलेलं, त्याला गादीवर बसवलेलं, म्हणजे उपकारकर्ता माणूस. तरी विचारलं. आणि यहोयादाने राग धरला नाही. त्याने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ उजव्या बाजूला ठेवली जिथे येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल. पेटीत पुष्कळ पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येऊन मोजत आणि थैल्यांत बांधत. दोघे. तीच दोन चाव्यांची गोष्ट. एवढं सगळं झाल्यावर, मोजून थैलीत बांधलेला पैसा कामावरच्या लोकांच्या हाती गेल्यावर, मग येतं ते 15 वं वचन. त्या सुतार-गवंड्यांना रोज विचारायची गरज पडली नाही कारण आधीची सगळी व्यवस्था उघड्यावर होती आणि काम डोळ्यांना दिसत होतं. आपल्याकडे ना पेटी दिसते ना काम दिसतं, फक्त बादली दिसते.

आणि हे एकाच ठिकाणी नाहीये. एज्रा बाबेलहून यरुशलेमला निघाला तेव्हा त्याने मंदिरासाठीचं सोनं-चांदी बारा याजकांच्या हाती वजन करून दिलं आणि तिकडे पोचल्यावर पुन्हा वजन करून घेतलं, सगळं लिहून ठेवलं. ते याजक होते, पवित्र माणसं होती, त्याने स्वतःच त्यांना तसं म्हटलंय, तरी काटा बाजूला ठेवला नाही. म्हातारपणी शमुवेल सगळ्या इस्राएलापुढे उभा राहिला आणि विचारलं, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाला फसवलं, सांगा, मी भरून देतो. पौल यरुशलेमच्या गरीब मंडळीसाठी वर्गणी गोळा करत होता तेव्हा ती एकट्याने नेली नाही, तीताबरोबर आणखी भाऊ दिले, मंडळ्यांनी निवडलेले, आणि कारणही लिहून ठेवलं की एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत आम्हाला कोणी दोष लावू नये म्हणून आम्ही जपतो, नुसतं प्रभूसमोर नाही तर माणसांसमोर पण जे योग्य ते करतो. 2 करिंथ, आठवा अध्याय. पौलापेक्षा आपली कमिटी मोठी आहे का?

प्रेषितांच्या काळातली ती विधवांची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त आवडते. ग्रीक बोलणाऱ्या लोकांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषित म्हणू शकले असते की आम्ही प्रभूबरोबर तीन वर्षं चाललोय, आमच्यावर विश्वास ठेवा. ते असं म्हणाले नाहीत. त्यांनी मंडळीला सांगितलं, तुम्हीच सात माणसं निवडा, चांगल्या नावाची. आणि निवडलेल्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प पासून निकलावापर्यंत, सगळी ग्रीक नावं. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिलं. आणि लगेच पुढे लिहिलंय की शिष्यांची संख्या फार वाढली. आपली संख्या का कमी होतेय ह्यावर आपण मागे तीन तासांची सभा घेतली होती.

देवावरचा विश्वास आणि कमिटीवरचा विश्वास ह्या दोन गोष्टी कृपा करून एक करू नका, माझी खरी तक्रार ही आहे, पैसे त्याच्या नंतर. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे पिस्तिस. त्याचा अर्थ विश्वास ठेवणं असाही होतो आणि विश्वासूपणा असाही. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळात तोच शब्द आहे आणि आपल्या मराठी बायबलमधे तिथे विश्वासूपणा असं आहे. प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी आपण आमेन म्हणतो तो हिब्रू शब्दही पक्कं असणं, भरवशाचं असणं ह्याच धातूतून आलाय, ज्याच्यावर भार टाकला तर तो मोडत नाही असं. आणि मराठीत तर बघायलाच नको, विश्वास, विश्वासू, विश्वस्त. तुमच्या लेटरहेडवर तुमच्या नावापुढे विश्वस्त छापलंय. आम्ही विश्वास ठेवायचा हे अर्धंच झालं, उरलेलं अर्धं तुमच्याकडे आहे.

प्रभू उठला हे स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमाचं उदाहरण तुम्ही द्याल मला माहीत आहे, पाळकसाहेबांनी एकदा दिलंही होतं, न पाहता विश्वास ठेवणारे ते धन्य. पण त्याच्या आधी काय झालं? प्रभू आठ दिवसांनी परत आला, खास थोमासाठी आला, आणि म्हणाला, तुझं बोट इकडे कर, माझे हात पाहा. त्याने थोमाला खोलीबाहेर काढलं नाही. ज्याला कोणापुढे काही सिद्ध करायची गरज नव्हती त्याने जखमा उघड्या करून दाखवल्या. आणि न पाहता विश्वास ठेवायचा तो पुनरुत्थित प्रभूवर, छप्पर दुरुस्ती निधीवर नाही.

आता एकेक तक्रार सांगते.

छपराचा निधी. वेदीवरून जाहीर झालेला आकडा 18 लाख होता. मी त्यात 25,000 दिले, कोणी धुणीभांडी करून 500 दिले, त्या 500 ची किंमत माझ्या 25,000 पेक्षा जास्त आहे हे विधवेच्या दोन टोल्यांची (दोन छोट्या नाण्यांची) गोष्ट सांगणाऱ्यांना मी काय सांगावं. मधे कोविड आला, काम थांबलं, समजू शकते. पण पैसे कुठल्या खात्यात आहेत, मुदत ठेवीत आहेत का, व्याज किती आलं, काही खर्च झालाय का, हे चार ओळींत सांगता येतं. दोन वर्षं विचारतोय.

हॉल. मागचा हॉल कोणाला तरी भाड्याने दिलाय हे आम्हाला कळलं ते कुलूप बदललेलं दिसलं तेव्हा. संडेस्कूलची मुलं व्हरांड्यात चटईवर बसतात आता, पावसात तिथे शिंतोडे येतात. भाडं किती, करार किती वर्षांचा, कोणाच्या सहीने? आपला ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला आहे आणि त्या कायद्याप्रमाणे ट्रस्टची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. ती घेतली असेल तर कागद दाखवा, विषय संपला.

तिसरी गोष्ट लिहिताना माझा हात थांबतोय. आपल्या मंडळीचे शिपाई होते, 22 वर्षं त्यांनी घंटा वाजवली, त्यांची बायको आमच्याच चाळीत राहते. मागच्या वर्षी तिचं ऑपरेशन ठरलं. झावळ्यांच्या रविवारी, सगळ्या मंडळीसमोर, मुलांच्या हातात झावळ्या होत्या, तेव्हा कमिटीने जाहीर केलं की मदत निधीतून 40,000 देऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती उठून उभी राहिली, हात जोडले. त्या शब्दावर तिने तारीख घेतली. पैसे आले दोन महिन्यांनी, 10,000. बाकीच्याबद्दल कोणी काही बोललंच नाही, नाही म्हणायला पण कोणी गेलं नाही. तिने क्रूस असलेलं मंगळसूत्र गहाण ठेवलं. ती पावती तिने बायबलमधे घडी करून ठेवलीय, मी तिच्याकडे प्रार्थनेला गेले तेव्हा स्तोत्रसंहिता उघडताना ती माझ्या मांडीवर पडली. ती मला म्हणाली, ताई कोणाला सांगू नका, कमिटीला वाईट वाटेल. मी तिची परवानगी घेऊन लिहितेय, तिला तीनदा विचारून. 15 व्या स्तोत्रात देवाच्या मंडपात कोण राहील ते सांगितलंय, त्यात एक असा आहे की ज्याने शपथ घेतली आणि मग स्वतःचं नुकसान व्हायला लागलं तरी तो शब्द फिरवत नाही. निधीत पैसे कमी होते तर 10,000 च सांगायचे होते, ती तेवढ्यावर दुसरी काहीतरी सोय लावून बसली असती. तुमचं होय ते होय असावं, नाही ते नाही असावं असं प्रभूने सांगितलं ते कोर्टातल्या मोठ्या मोठ्या शपथांपुरतं नाही, असल्या रविवारच्या घोषणांसाठी पण आहे.

आणि चौथी गोष्ट पैशाची नाहीच. एका तरुण मुलीने घरात होणाऱ्या मारहाणीबद्दल विश्वासाने सांगितलं, दार बंद करून, रडत. कोणाला सांगितलं ते मी लिहीत नाही, ज्यांना सांगितलं त्यांना माहीत आहे. बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत तो प्रार्थनेचा विषय झाला, नावासकट. संध्याकाळपर्यंत तिच्या सासरी कळलं. पुढे त्या घरात काय झालं असेल ते मी सांगायला नको. सात महिने ती मुलगी उपासनेला आलेली नाही. आपण म्हणतो तरुण येत नाहीत, त्यांना मोबाईल पाहिजे, मॉल पाहिजे. अहो त्यांना असं एक माणूस पाहिजे ज्याला सांगितलेलं त्याच्यापाशीच राहील. नीतिसूत्रांच्या 11 व्या अध्यायात आहे की चहाडखोर गुपित फोडत फिरतो आणि विश्वासू मनाचा माणूस गोष्ट झाकून ठेवतो. प्रार्थनेचा विषय असं नाव दिलं म्हणून चहाडी प्रार्थना होत नाही. छपराचे पैसे परत मिळतील कधीतरी, ह्या मुलीचं जे गेलं ते कसं परत द्यायचं ते मला कळत नाहीये, आणि हे लिहिताना मला त्याचाच जास्त त्रास होतोय.

कमिटीतल्या एका भावांनी मला फोन करून सांगितलं, ताई, बाहेरचं वातावरण बघता ना, आपल्या लोकांकडे आधीच संशयाने बघतात, घरातलं बाहेर कशाला काढता. त्यांचा हेतू वाईट नव्हता आणि त्यांची भीती खोटी नाही. पण मला उलट वाटतं. 1813 ला अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हापासून इथला मराठी ख्रिस्ती माणूस कोणाच्या ना कोणाच्या नजरेखाली आहे. आपल्या आज्या-पणज्यांना नातेवाइकांनी टाकलं, विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्यांच्याकडे काय होतं? शब्द होता. दवाखान्यात नर्स, शाळेत मास्तर, रेल्वेत गार्ड, लोक म्हणायचे किल्ली त्यांच्याकडे ठेवा. ती पत त्यांनी कमावली, आपण ती खातोय. आणि लपवल्याने काय होतं ते मुंबईने 2019 ला बघितलंय, एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ठेवीदारांना आधी सांगितलं गेलं की सहा महिन्यांत फक्त 1000 रुपये काढता येतील. तिथे पण कर्जं वर्षानुवर्षं झाकून ठेवली होती, आदल्या दिवसापर्यंत सगळं ठीक होतं. शाखेबाहेर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांना मी स्वतः बघितलं, पासबुक छातीशी धरून.

माझी स्वतःची चूक पण इथे लिहिते. मागच्याच्या मागच्या वार्षिक सभेत हिशोबाचा कागद वाचला गेला तेव्हा त्यात मदत निधीची ओळच नव्हती, मला ते दिसलं होतं, आयुष्य गेलंय आकड्यांत, दिसणार नाही कसं. पण जेवणाची वेळ झाली होती, बिर्याणीचा वास येत होता, सगळे उठायच्या बेतात होते आणि मी गप्प बसले. तेव्हा हात वर केला असता तर कदाचित शिपाईकाकांच्या बायकोला ती पावती बायबलमधे ठेवायची वेळ आली नसती. त्याबद्दल मी देवाची क्षमा मागितलीय आणि तिची पण.

तर आमच्या मागण्या अशा आहेत. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्यासोबत सही केलेल्या 14 सभासदांच्या.

वार्षिक सभेत गेल्या तीन वर्षांचा ऑडिट झालेला हिशोब वाचला जावा आणि सभेच्या आधीच्या रविवारी त्याची प्रत दारापाशी लावावी. वेळ कमी असेल तर भाषणं कमी करा, आम्ही उशिरा जेवू.

छप्पर निधीचं पासबुक किंवा बँकेचं स्टेटमेंट सभेत दाखवावं, आणि काम कधी सुरू होणार त्याचा महिना सांगावा.

हॉलचा करार सभासदांना बघायला मिळावा, आणि निदान रविवारी सकाळी दोन तास हॉल मुलांसाठी उघडा मिळावा.

त्या ताईंना राहिलेले 30,000 द्यावेत. निधीत नसतील तर तसं स्पष्ट सांगा, आम्ही 15 जण जमवतो, पण कमिटीतल्या कोणीतरी तिच्या घरी जाऊन तिची माफी मागावी. हे पैशाइतकंच महत्त्वाचं आहे.

त्या मुलीच्या बाबतीत ज्यांच्याकडून चूक झाली त्यांनी तिला चालेल तशी, तिला चालेल तिथे क्षमा मागावी, वेदीवरून नको, तिचं नाव पुन्हा कुठेही घेऊ नका. आणि इथून पुढे कोणी खाजगीत सांगितलेली गोष्ट त्या माणसाच्या परवानगीशिवाय कुठल्याही प्रार्थनासभेत किंवा ग्रुपवर जाणार नाही असा ठराव करावा.

आणि दान मोजायचं टेबल परत व्हरांड्यात यावं. तीन माणसं, एकमेकांच्या नात्यातली नकोत, दर महिन्याला बदलणारी, आकडा फळ्यावर.

कोणाचा राजीनामा मागत नाही आहोत. कोणाला चोर म्हणत नाही आहोत, कदाचित एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नसेल, माझं मन सांगतं की नसेलच झाला, आणि तसं असेल तर ते सगळ्यांसमोर सिद्ध होऊन तुमच्यावरचा डाग जावा असं मला मनापासून वाटतं. पहिल्या करिंथात पौलाने भावाभावांनी एकमेकांना कोर्टात खेचण्याबद्दल जे लिहिलंय ते मला माहीत आहे, म्हणून वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज घेऊन जायची माझी इच्छा नाही. पण वार्षिक सभेतही हिशोब आला नाही तर जाईन, आणि जायच्या आठ दिवस आधी तुम्हाला लेखी कळवून जाईन.

बाबा शिवडीच्या कबरस्तानात आहेत. त्यांच्या दगडावर काय लिहायचं असं विचारलं होतं तेव्हा आईने लगेच सांगितलं, शाबास, भल्या व विश्वासू दासा. पाळकसाहेब, तुमच्या आधीच्या पाळकांनी ते वचन तिथे उभं राहून वाचलं होतं.

येत्या रविवारी मी नेहमीच्या बाकावर असेन. व्हेस्ट्रीतलं टेबल जड आहे, एकट्याने उचलत नाही, माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र थांबायला तयार आहेत. खडूचा नवीन बॉक्स मी आणलाय. मोजायला कोणाला बसवायचं ते तुम्ही ठरवा, माणूस कमी पडला तर मी चष्मा घेऊन येते.

ख्रिस्तात आपली बहीण,
मंडळीची एक सभासद,
परळ, मुंबई